फिरून येण्याची मुभा

माझी भाची खानदेशातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकत होती, तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "मामा, आज सोलोला दोनदा गो-अराउंड घेतला." मी पटकन विचारलं, "का गं? काय चुकलं?" ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "काही चुकलं नाही. वारा आडवा होता, विमान मधल्या रेषेवर ठरत नव्हतं, म्हणून उतरले नाही. तिसऱ्या फेरीला नीट उतरले."

माझा तो प्रश्न मला आजही टोचतो. एकवीस वर्षांची मुलगी एकटी आकाशात होती. शेजारी कुणी नाही, खाली इन्स्ट्रक्टर आणि सोबतची मुलं बघत उभी. अशा वेळी तिने दोनदा ठरवलं की आता उतरायचं नाही. आणि घरच्या माणसाने तिला पहिला प्रश्न विचारला तो चुकीबद्दल. छोट्या विमानांच्या उतरतानाच्या अपघातांबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते या प्रश्नाशीच येऊन थांबतं.

गो-अराउंड म्हणजे उतरायला आलेलं विमान न उतरवता पुन्हा वर नेणं आणि एक फेरी मारून परत येणं. विमानात बसलेल्याला पोटात गोळा येतो. जमीन अगदी जवळ आलेली असते आणि एकदम इंजिनाचा आवाज वाढून विमान वर चढू लागतं. बरेच प्रवासी हा थोडक्यात टळलेला अपघात समजतात. खरं तर ठरल्याप्रमाणे सगळं जुळत नसेल, तर हीच सर्वांत शहाणपणाची गोष्ट असते. तरीही ती फार कमी वेळा केली जाते. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने विमान कंपन्यांच्या उड्डाणांचा अभ्यास केला. त्यात असं दिसलं की वेग, उंची किंवा दिशा बिघडलेली असतानाही फक्त ३ टक्के वेळा वैमानिक फिरून आले. उरलेल्या ९७ टक्के वेळा ते तसेच उतरले. हे पगारी, दोन-दोन वैमानिकांच्या, कडक नियमांत चालणाऱ्या उड्डाणांबद्दल आहे. एकट्याने छोटं विमान चालवणाऱ्यावर नजर ठेवायला शेजारी दुसरं कुणीच नसतं.

उतरणं इतकं अवघड का, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं पटणार नाही. शिकाऊ मुलांचं छोटं सेसना विमान धावपट्टीकडे येतं तेव्हा त्याचा वेग साधारण ६० ते ६५ नॉट, म्हणजे ताशी ११० ते १२० किलोमीटर असतो. हायवेवरच्या गाडीइतकाच. पण गाडीचा वेग कमी झाला तर ती थांबते. विमानाचा वेग एका मर्यादेखाली गेला किंवा नाक नको तितकं वर उचललं गेलं, तर पंखांवरची हवा सुटते आणि ते पडतं. यालाच स्टॉल म्हणतात. उंचावर स्टॉल झाला तर नाक खाली करून सावरायला जागा मिळते. दोनशे-तीनशे फुटांवर ती नसते. वळण घेताना ही मर्यादा आणखी वर सरकते. ४५ अंशांत कललेलं विमान सरळ उडणाऱ्या विमानापेक्षा १९ टक्के जास्त वेगातच स्टॉल होतं. धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना वैमानिक थोडा पुढे निघून जातो, मग रेषेवर यायला जास्त कलतो, पायाने रडरही (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी फळी) जास्त दाबतो, आणि तिथेच विमान गिरकी खातं.

उलट बाजूचा धोकाही आहे. भीतीपोटी वेग थोडा जास्त ठेवला तर विमान खाली बसत नाही, तरंगत राहतं. वेग १० टक्के वाढला तर थांबवायची ऊर्जा २१ टक्के वाढते, आणि धावपट्टी तर तेवढीच असते. मग ते जबरदस्तीने टेकवायचा मोह होतो. चाकं आपटतात, विमान उसळतं, घाबरून नाक खाली दाबलं की पुन्हा उसळतं. दुसऱ्या-तिसऱ्या उसळीला पुढचं चाक मोडतं आणि नाकावरचा फिरता पंखा जमिनीला लागतो. यात माणूस बहुधा वाचतो, पण विमान जातं, आणि त्या मुलाच्या मनातलं काहीतरी मोडतं ते वेगळंच.

आपल्याकडची हवाही सोपी नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारी अकरानंतर नांगरलेल्या काळ्या रानावरून गरम हवेचे लोट उठतात आणि हलकं विमान वर ढकलतात. पुढच्याच क्षणी खाली केळीची बाग किंवा पाण्याने भरलेलं रान आलं की ते धपकन खाली बसतं. ज्याने पन्नास तास विमान चालवलं आहे, त्याला हे हातांनी कळू लागलेलं असतं. ज्याचे वीसच तास झालेत, त्याला वाटतं की आपलंच काहीतरी बिघडतंय. अरुंद धावपट्टी डोळ्यांना फसवते. आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं आणि माणूस नकळत खाली येतो. शिवाय भटकी कुत्री, कुंपणाबाहेरच्या तारा, वाऱ्याची दिशा दाखवणारी फाटकी पिशवी. यातल्या प्रत्येक अडचणीवर एकच हुकमी उपाय आहे: जुळत नसेल तर फिरून ये.

आता इथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो मी टाळणार नाही. फिरून येतानाच माणसं मेली आहेत, त्याचं काय?

९ जून २०१६ रोजी अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात हॉबी विमानतळाजवळ सिरस एसआर-२० जातीचं एक छोटं विमान कोसळलं. तिघे होते, तिघेही गेले. ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावाहून घरातल्या आजारी माणसाला भेटायला ते निघाले होते. वैमानिक महिला खासगी परवानाधारक होत्या. हॉबी हा मोठ्या जेट विमानांच्या वर्दळीचा विमानतळ. त्या उतरायला आल्या तर मागून बोइंग ७३७ वेगाने येत होतं, म्हणून टॉवरने, म्हणजे विमानतळावरून विमानांना रेडिओवर सूचना देणाऱ्या कंट्रोलरने, त्यांना बाजूला काढलं. मग दुसरी धावपट्टी दिली. तिथे त्या जास्त उंचावरून आल्या, फिरून गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा उंच. या सगळ्या वेळात वळा, इकडे या, अमुक विमानाच्या मागे लागा, असे हुकूम एकामागून एक येत होते. शेवटच्या वेळी वर चढताना त्यांनी फ्लॅप (कमी वेगातही विमान हवेत धरून ठेवणाऱ्या, पंखांमागच्या पट्ट्या) वर घेतले. तेव्हा वेग पुरेसा झालेला नव्हता. विमान स्टॉल झालं, गिरकी खाऊन एका दुकानाच्या पार्किंगमध्ये, उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीवर पडलं.

भारतात हा अपघात झाला असता तर दुसऱ्या दिवशीचा मथळा मला आत्ताच दिसतो: ‘वैमानिकाच्या चुकीमुळे तिघांचा मृत्यू’. आणि ते खोटंही म्हणता आलं नसतं. वेग येण्याआधी फ्लॅप वर घेणं ही चूकच होती. निसर्ग कुणाचा वशिला मानत नाही. पण अमेरिकेच्या तपास यंत्रणेने, एनटीएसबीने, तिथे पेन खाली ठेवलं नाही. मुख्य कारण म्हणून फिरून जाण्याची चुकीची पद्धत आणि त्यातून झालेला स्टॉल हे लिहिलं, आणि हातभार लावणारी कारणं म्हणून आणखी तीन. पहिल्या कंट्रोलरने या विमानाला दूर नेऊन शांतपणे पुन्हा सुरुवात करू देण्याऐवजी वर्दळीच्या फेऱ्यांतच अडकवून ठेवलं. दुसऱ्या कंट्रोलरने नाजूक क्षणी नको तितकी गुंतागुंतीची सूचना दिली. आणि तिसरं, वैमानिकाने ठामपणे स्वतःचं म्हणणं मांडलं नाही.

या तिसऱ्या कारणाने मी बराच काळ अस्वस्थ होतो. रेडिओवर बोलण्याच्या जगभरच्या ठरलेल्या शब्दांत एक शब्द आहे: ‘अनेबल’. मराठीत सांगायचं तर ‘जमणार नाही’. टॉवरने सांगितलेली गोष्ट झेपत नसेल तर वैमानिकाने हा एक शब्द बोलायचा. कारण सांगायची सक्ती नाही, माफी मागायची तर नाहीच. त्या दुपारी तो शब्द उच्चारला गेला असता, तर विमान गावाबाहेर नेऊन दहा मिनिटं सरळ उडवता आलं असतं. पण आपल्यापेक्षा जाणत्या आणि घाईत असलेल्या माणसाला ‘जमणार नाही’ म्हणणं किती कठीण असतं, हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. गुरुजींना, साहेबांना, सासरच्यांना ‘हो’ म्हणायचं, मग बघू, हेच आपण शिकत आलो. विमानात ‘मग’ नसतं.

म्हणून ह्यूस्टनची घटना मला माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारी वाटत नाही. फिरून येणं हा निर्णय आहे तसंच ते कसबही आहे. पूर्ण ताकद द्यायची, नाक हवं तेवढंच उचलायचं, वेग येईपर्यंत थांबायचं, मग फ्लॅप टप्प्याटप्प्याने घ्यायचे. हे सगळं जमिनीलगत, मनात गोंधळ असताना करायचं. जी गोष्ट आपण अपयश मानतो तिचा सराव कुणी मनापासून करत नाही. परीक्षेपुरती केली जाते, आणि खरी वेळ येते तेव्हा हात चाचपडतात. फिरून येण्याला कमीपणा चिकटवला की दोन्हीकडून नुकसान होतं: माणसं फिरून येत नाहीत, आणि आलीच तर वाईट प्रकारे येतात.

अनुभव वाढला की हा दबाव कमी होतो, असं वाटणं साहजिक आहे. ७ ऑगस्ट २०२० च्या कोळिकोडच्या अपघाताने माझा तो समज मोडला. विमान मोठं होतं, पण माणसाचं मन तेच. दुबईहून १९० जणांना घेऊन आलेलं विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर पावसात उतरलं आणि पुढे जाऊन दरीत कोसळलं. २१ जण गेले, त्यांत दोन्ही वैमानिक. कॅप्टन हवाई दलातून निवृत्त झालेले, अत्यंत अनुभवी, आपल्या महाराष्ट्रातले. त्या दिवशी ते एकदा फिरूनही आले होते. दुसऱ्यांदा, मागून वारा असताना, विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकलं. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटलं होतं.

आपल्या तपास विभागाचा, एएआयबीचा अहवाल याला कॅप्टनने नियम न पाळणं म्हणतो, आणि ते बरोबर आहे. पण तोच अहवाल पुढे जाऊन सांगतो की दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण याच कॅप्टनना करायचं होतं आणि तिथे कंपनीकडे पुरेसे कॅप्टन नव्हते. विमान दुसरीकडे वळवलं असतं तर ते उड्डाण अडचणीत आलं असतं. समोरचा वायपरही नीट चालत नव्हता. म्हणजे धावपट्टीच्या मध्यावर टेकलेल्या त्या चाकांमागे एक ड्युटीचा तक्ता होता, आणि तो कार्यालयात बसून बनवलेला होता. मला हा अहवाल वाचून त्या माणसाबद्दल राग आला नाही. फार वाईट वाटलं.

भाड्याच्या छोट्या जेट विमानांत हा दबाव आणखी उघडा असतो. अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेन या डोंगरातल्या गावी २९ मार्च २००१ रोजी गल्फस्ट्रीम-३ जातीचं विमान उतरताना टेकडीवर आदळून १८ जण गेले. रात्री तिथे उतरायला बंदी होती, ती वेळ जवळ येत होती, हिमवृष्टी सुरू होती. विमान दुसरीकडे वळवावं लागेल असं कळल्यावर ते भाड्याने घेणारा ग्राहक नाराज झाला होता, आणि ही नाराजी वैमानिकापर्यंत पोहोचली होती. तपास अहवालात ग्राहकाचा दबाव हे हातभार लावणारं कारण म्हणून नोंदवलेलं आहे.

हे वाचताना मला आपले निवडणुकीचे दिवस आठवतात. एका दिवसात चार सभा, चार जिल्हे, सकाळचं धुकं किंवा संध्याकाळचा पाऊस, आणि मैदानावर ताटकळलेले लोक. विमानात बसलेला नेता बहुधा वैमानिकाला काही बोलतही नसेल. बोलायची गरजच नसते. कपाळावरची आठी पुरेशी असते. पैसे मोजून विमान घेतलेल्या उद्योजकाचं, लग्नाला निघालेल्या कुटुंबाचं, अगदी रुग्णाला घेऊन निघालेल्या नातलगांचंही तेच. १४ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत मुसळधार पावसात विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट-४५ उतरताना धावपट्टीवरून घसरून मोडलं. दृश्यता ७०० मीटर होती. आतले सहा प्रवासी आणि दोन वैमानिक असे आठही जण वाचले. त्या संध्याकाळी प्रत्येक वाहिनीवर एकच प्रश्न होता: चूक कोणाची? अशा हवेत मुंबईला न उतरता विमान दुसरीकडे नेणाऱ्या वैमानिकाला त्याचा ग्राहक आणि त्याचा मालक काय म्हणाले असते, हा प्रश्न मी कुठेही ऐकला नाही. उत्तर काय असेल ते मी सांगू शकत नाही. पण सुरुवात तिथून व्हायला हवी होती.

कुणी म्हणेल, मग वैमानिक मोकळाच का? अजिबात नाही. परवाना त्याच्या नावावर आहे, शेवटचा हात त्याचा आहे, आणि जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याचा परवाना काढून घ्यायलाच हवा. पण शिक्षा आणि तपास ही दोन वेगळी कामं आहेत. अपघात तपासाचा जगभर मान्य असलेला नियम, ज्यावर आपले नियमही आधारलेले आहेत, स्पष्ट सांगतो की तपासाचा उद्देश पुढचा अपघात टाळणं एवढाच, दोष वाटून देणं नाही. आपण वाचक मात्र अहवालाची वाट बघत नाही. दोष दोन दिवसांत वाटून टाकतो, आणि वर्ष-दीड वर्षाने अहवाल येतो तेव्हा तो उघडतही नाही. ‘वैमानिकाची चूक’ या दोन शब्दांनी इतर सगळे सुटतात: ड्युटीचा तक्ता लावणारा, वाऱ्याची खबर देणारं यंत्र न बसवणारा, नाराजी कळवणारा ग्राहक.

आणि विद्यार्थ्याकडून बिल वसूल करणारी शाळाही. ही गोष्ट मला भाचीमुळे कळली. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागतं. मध्यमवर्गीय घरातला बाप त्यासाठी शेत किंवा फ्लॅट गहाण टाकतो. तासाला पंधरा-वीस हजारांच्या घरात पैसे लागतात. एक जादा फेरी म्हणजे सहा-सात मिनिटं, म्हणजे जवळपास दोन हजार रुपये. ती वेळ लॉगबुकात धरली जाते हे खरं. पण दिवसाचे ठरलेले धडे अपुरे राहतात, पुढचा नंबर लांबतो, हॉस्टेलचा एक महिना वाढतो. भाची सांगत होती, धावपट्टी समोर दिसते तेव्हा मनात वडिलांच्या कर्जाचा हप्ताही दिसतो. वीस वर्षांच्या पोराने हे ओझं घेऊन आडव्या वाऱ्यात योग्य निर्णय घ्यावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे, आणि देशातल्या विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने मनावर घेतलं तर ती एका परिपत्रकाने पुरी होऊ शकते. सोलो उड्डाणात घेतलेल्या गो-अराउंडच्या फेरीचे पैसे शाळेने लावू नयेत. त्या फेरीबद्दल विद्यार्थ्याला जाब विचारू नये. काय दिसलं, काय वाटलं, एवढंच विचारावं, तेही तो विमानातून उतरून पाणी प्यायल्यानंतर. जिथे टॉवर नाही अशा प्रत्येक धावपट्टीवर वाऱ्याची आणि दृश्यतेची नोंद घेणारं चालू यंत्र असल्याशिवाय शिकवण्याची परवानगी देऊ नये. भाड्याच्या विमानाच्या करारात लिहिलेलं असावं की विमान दुसरीकडे वळवण्याचा खर्च ठरलेल्या भाड्यातच आला, आणि तो निर्णय ग्राहकाने किंवा त्याच्या माणसांनी वैमानिकाशी बोलायचा विषय नाही. यात शाळांचं आणि कंपन्यांचं थोडं नुकसान होईल. विमानाच्या किमतीपुढे ते काहीच नाही, माणसाची तर गोष्टच सोडा.

भाची आता स्वतः इन्स्ट्रक्टर आहे. विद्यार्थ्याच्या पहिल्या सोलोच्या सकाळी ती आधी शेजारी बसून तीन-चार फेऱ्या करून घेते. वारा कितीही शांत असो, विमान मधल्या रेषेवर कितीही नेमकं येवो, पहिल्या फेरीला ती त्याला उतरू देत नाही. पन्नास फुटांवर आले की सांगते, "वर घे. आधी फिरून ये."